गडू, बत्तासे आणि पेढ्यांचा बॉक्स



संयोजकांनी फोनवर विषय विचारला, तेव्हा मी 'प्रवासाहून आणलेला खाऊ' असं सांगितलं आणि पलीकडे क्षणभर कोणी बोलेचना. तत्त्वज्ञानाचा माणूस आत्मा-परमात्मा सोडून पेढ्यांवर बोलणार! (हशा) पण सुट्ट्या संपत आल्या आहेत. दीपनगरच्या कितीतरी क्वार्टरांत आज एखादा अर्धा उघडलेला बॉक्स असणार. शेगावची कचोरी असेल, लोणावळ्याची चिक्की असेल, कोणाकडे गोव्याचे काजू. या बॉक्सलाही इतिहास आहे, आणि तो आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळ गंभीर आहे.

आपण हे आणतो कशाला? विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, आठवण म्हणून. हे उत्तर मला पटत नाही. 'सुव्हेनिर' हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थच 'आठवणे' असा आहे. जो गेला त्याला आठवावं म्हणून ती वस्तू. पण शेजारच्या काकूंना आपण पेढा देतो, त्या कुठे गेल्या होत्या? त्यांनी काय आठवायचं? खाऊ जातो तो न गेलेल्या माणसाकडे. मराठीत त्याला शब्दही वेगळे आहेत. प्रसाद, खाऊ, वानवळा. वानवळा म्हणजे आपल्या शेतातलं नवं पीक, पहिली वांगी, पहिल्या शेंगा, शेजारी-पाजारी थोड्या थोड्या पोचवणं. आपल्या भागात कोणी वानोळाही म्हणतात. या शब्दांत आठवणीचा भाग फारसा नाही. वाट्याचा आहे.

हा वाटा कुठून आला, ते पाहायचं तर रेल्वेच्या आधीची यात्रा डोळ्यांपुढे आणली पाहिजे. माणूस पंढरपूरला निघाला की आळीतली माणसं येऊन त्याच्या हातावर पैसे ठेवत. सव्वा रुपया, चार आणे, ज्याची जशी ऐपत. 'माझ्या नावानं देवाला घाल.' एखादी म्हातारी नारळ देई. हे अजूनही चालतं, तुमच्यापैकी अनेकांनी केलं असेल. इथून जवळच, कोथळी-मुक्ताईनगरहून मुक्ताबाईंची पालखी निघते आणि महिनाभर चालून आषाढीला पंढरपूरला पोचते. त्या वाटेवर पाय मोजक्यांचे असतात, पण पैसे, नारळ आणि नमस्कार अख्ख्या गावाचे. मग वारकरी परत येतो तेव्हा चुरमुरे, बत्तासे, बुक्का, तुळशीची माळ घेऊन येतो. आपण त्याला भेट म्हणतो. मी त्याला हिशेब म्हणेन. ज्यांनी सव्वा रुपया दिला त्यांची यात्रा त्याने केली, आणि चिमूटभर चुरमुरे ही तिची पावती.

जाताना शिदोरी घरून न्यायची, दशम्या आणि चटणी. येताना खाऊ घेऊन यायचा. दोन्ही पिशव्या एकाच प्रवासाच्या. पहिली भरते घरातली बाई, जी स्वतः बहुधा जात नाही. दुसरीत तिचा वाटा असतो. असायला हवा, असं म्हणू.

जपानमध्ये अगदी हेच घडलं. इसे हे तिथलं मोठं तीर्थ. एदो काळात गावोगावी लोक मंडळ करून पैसे जमवत, चिठ्ठ्या टाकत आणि ज्याचं नाव येईल तो सगळ्यांच्या वतीने इसेला जाई. परत येताना त्याला प्रत्येकासाठी काही ना काही आणावंच लागे. आज जपानी माणूस दोन दिवस सहलीला गेला तरी ऑफिसातल्या प्रत्येकासाठी मिठाईचा खोका घेऊन येतो, त्या रिवाजाचं एक मूळ या मंडळांत आहे. आपली भिशी आणि आपली वारी एकत्र केली तर जे होईल, ते. मार्सेल मोस या फ्रेंच विचारवंताने १९२५ साली भेटवस्तूंवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. देणं, घेणं आणि परत देणं या तिन्ही गोष्टी समाजात सक्तीच्या असतात, वरून त्या कितीही ऐच्छिक दिसल्या तरी, असं त्याने दाखवलं. आपल्याकडे यासाठी निबंध लागत नाही. शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे प्रत्येक आईने मुलीला सांगितलेलं असतं.

आता काशी. मराठी घरांत काशीहून येणारी मुख्य वस्तू म्हणजे तांब्याचा सीलबंद गडू, आत गंगा. त्याबरोबर काळभैरवाचा काळा गंडा. गडू देव्हाऱ्यात राही आणि माणूस जायला टेकला की उघडला जाई. यात्रेहून आलेला माणूस गंगापूजन करून मावंदं घाली, म्हणजे भोजन देई. युरोपातही हे होतं. कँटरबरीला बेकेटचा खून ११७० साली झाला, त्यानंतर यात्रेकरू तिथलं पाणी शिशाच्या लहानशा कुप्यांत घालून गळ्यात बांधून घरी नेत. माणूस सगळीकडे सारखाच.

या गंगेसाठी लोक काय करत, ते विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' मध्ये पाहावं. हे वरसईचे गरीब भिक्षुक. घरावर कर्ज, म्हणून १८५७ साली उत्तरेत दक्षिणा मिळवायला निघाले आणि बंडात सापडले. झाशीचा वेढा, लूट, कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. या पुस्तकाची ख्याती त्या हकिगतीसाठी आहे, आणि ती रास्तच आहे. पण कौटुंबिक अंगाने वाचलं तर काय दिसतं? मिळवलेला पैसा वाटेत लुटला गेला. कर्ज फेडायला गेलेला माणूस परत आला तो काशीहून गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्याने आई-वडिलांना स्नान घातलं. त्यांना काशीला जाणं शक्य नव्हतं, म्हणून काशी दारात आणली. पुढे चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी हे लिहिलं आणि १९०७ साली ते छापलं गेलं. मराठीतल्या या सर्वांत थरारक प्रवासाचा शेवट दोन म्हाताऱ्या माणसांच्या अंघोळीत होतो. मला झाशीपेक्षा ते पान मोठं वाटतं. मतभेद असू शकेल.

कावडीचा आणखी एक प्रसंग सगळ्यांना ठाऊक आहे. काशीची गंगा रामेश्वराला वाहायची ही जुनी रीत. एकनाथ ती कावड घेऊन चालले असताना वाळवंटात तडफडणारं गाढव दिसलं आणि त्यांनी गंगा त्याच्या तोंडात ओतली, अशी कथा परंपरा सांगते. आपण ही भूतदयेची गोष्ट म्हणून मुलांना सांगतो. ती वाट्याचीही गोष्ट आहे. वाटेकऱ्यांच्या यादीत गाढवाचं नाव नव्हतं. नाथांनी ती यादी बदलली.

कारण ही यादी फार कठोर होती. मावंद्याच्या पंगतीत कोणाला पान मिळणार आणि कोणाला अंगणाबाहेर थांबावं लागणार, हे जातीने ठरत असे. पंढरीचे बत्तासे गावभर वाटले जात, पण ज्या देवाचे ते बत्तासे, त्याच्या देवळात अस्पृश्यांना पाऊल टाकता येत नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेरच. सव्वा रुपया दुसऱ्याच्या हातीच द्यायचा, कारण स्वतः आत जायची सोय नाही. त्या वस्तीतल्या माणसाच्या हातावर वरून टाकलेले चार चुरमुरे प्रसाद होते की अपमान? 'प्रसाद' या शब्दाचा मूळ अर्थ प्रसन्नता असा आहे, म्हणून हा प्रश्न मला टोचतो. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरला प्राणांतिक उपोषण केलं आणि ते दार उघडलं गेलं. अमळनेरच्या शाळेतला हा शिक्षक, तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरातही काही काळ राहिलेला. खान्देशातून पंढरपूरला गेलेल्या सगळ्या माणसांत, मोठा खाऊ कोणी आणला असेल तर त्यांनी.

मग आगगाडी आली. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला, थळघाटातला १८६५ साली. मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता सलग जोडली गेली, आणि ती वाट आपल्या भुसावळवरून जाते. जी काशी महिनोन्महिन्यांची होती ती काही दिवसांवर आली. तरी गंगेच्या अलीकडे उतरून होडीने पलीकडे जावं लागे. पूल झाला १८८७ साली. प्रवास सोपा झाला तसा खाऊ बदलला. कावड खांद्यावर वाहायची असते, बॉक्स बर्थखाली सरकवता येतो. आणि गाडी थांबते तिथे विकणारा उभा राहतो. लोणावळ्याचे दुकानदार सांगतात की चिक्की म्हणजे मूळची गुडदाणी, घाटात रेल्वेचं काम करणाऱ्या मजुरांच्या पोटाला आधार म्हणून विकली जाणारी. गूळ-शेंगदाणे, स्वस्त, टिकाऊ. घाम गाळणाऱ्याचं खाणं पुढे हवा खायला येणाऱ्यांचा खाऊ झालं. शेगावची कचोरी तर स्टेशनामुळेच गावोगाव पोचली. गजानन महाराजांच्या दर्शनाला गेलेला माणूस प्रसादाचा पुडा एका हातात आणि कचोऱ्यांचा दुसऱ्या हातात घेऊन भुसावळला उतरतो. दुसऱ्या बाजूला बऱ्हाणपूर, तिथली मावा जिलेबी.

थंड हवेच्या ठिकाणांनी वेगळीच अडचण निर्माण केली. तिथे बहुधा कोणी देवासाठी जात नाही, म्हणजे प्रसाद नाही. माणूस जातो हवा खायला, आणि हवा पिशवीत भरून आणता येत नाही. मग माथेरानची चप्पल आली, महाबळेश्वरचा मध आणि जाम आला. गावाला स्वतःची अशी एक वस्तू असलीच पाहिजे, हा दंडक इथून पक्का झाला. पुढे तर ज्या त्या गावाने शोकेससाठी काहीतरी बनवलं. आग्र्याचा दगडी ताजमहाल, कन्याकुमारीची रंगीत वाळू, नाव कोरलेला शंख. या वस्तू वाटता येत नाहीत. त्या आपल्याच काचेमागे राहतात आणि पाहुण्याला सांगतात की आम्ही जाऊन आलो. मराठी घरात खऱ्या अर्थाने सुव्हेनिर शिरला तो असा. मला त्याचा राग नाही, पण ताजमहालावरची धूळ पुसायचं काम घरात कोणाकडे असतं, तेही बघावं. (हशा)

आणि आता? जुलै २०१६ पासून टपाल खात्याने गंगाजलाची बाटली विकायला काढली. गोडसे भटजींची कावड पोस्टाच्या खिडकीवर आली. चिक्की, कंदी पेढे, संत्रा बर्फी फोनवरून मागवता येते. मग प्रवासाहून आणायचं काय, असं तरुण मंडळी विचारतात. रास्त प्रश्न आहे. जिन्नस दुर्मीळ होता म्हणून आपण आणत होतो, असं मानलं तर ही रीत संपायला हवी. पण ती संपलेली नाही. दुकानात उभं राहून माणूस अजून बोटं मोजतो: वरच्या मजल्यावरचे, झाडांना पाणी घातलेली मुलगी, दूधवाला, धुणं-भांड्याच्या मावशी, साहेब. आणि मग 'पाव किलोचे चार, अर्ध्याचा एक' असं सांगतो. गोडी पेढ्यात आहेच, पण कोणाला अर्धा, कोणाला पाव आणि कोणाला काहीच नाही, हे त्या काउंटरवर ठरतं. मावंद्याची पंगत तिथे पुन्हा मांडली जाते. मावशींना बहुधा बॉक्स मिळत नाही, बॉक्समधले दोन मिळतात, तेही मुलांनी खाऊन उरले तर.

मघाशी चहाच्या वेळी इथल्या दोघा-तिघांनी मला एक गोष्ट सांगितली, ती माझ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. औष्णिक केंद्र दिवाळीलाही थांबत नाही आणि मे महिन्यातही नाही. तीन शिफ्ट. एकाने रजा टाकली की दुसऱ्याला डबल ड्यूटी करावी लागते, आणि उन्हाळ्यात बॉयलरच्या बाजूला ती काय असते हे तुम्हीच जाणता. म्हणून रजेहून आलेला माणूस पहिल्या दिवशी कंट्रोल रूममध्ये बॉक्स ठेवतो. न आणला तर कोणी बोलत नाही, पण पुढची रजा मागताना कळतं. (हशा) तो सव्वा रुपयाच आहे. तुमच्या जागी मी उभा राहिलो, आता माझा वाटा दे. एकाने असंही सांगितलं की पूर्वी बॉक्स कंट्रोल रूमपाशीच संपायचा. कोळशाच्या बाजूला काम करणाऱ्या कंत्राटी मुलांपर्यंत तो जात नसे. आता त्यांच्या शिफ्टमध्ये एक बॉक्स आधी तिकडे पाठवतात आणि मग इकडचा उघडतात. हे कोणी सुरू केलं, विचारलं तर म्हणाले, तसं ठरवून कोणी नाही केलं, एका पोराने गावच्या जत्रेहून रेवड्या आणल्या होत्या आणि स्वतःच सगळ्या साहेबांना वाटत फिरला, तेव्हापासून.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.