शिबाच्या पिल्लाचा रंग आणि वीस लाख वर्षांचा वारसा

तांबड्या शिबाचे पिल्लू जन्मते तेव्हा बहुधा त्याचे तोंड काळपट असते आणि पाठीवरच्या केसांची टोके काळी असतात. असे पिल्लू प्रथमच पाहणाऱ्याला ते तांबड्या जातीचे आहे हे पटत नाही. काही महिन्यांत चेहऱ्यावरचा काळिमा नाकाकडे ओसरतो, पहिली लव गळून नवे दाट केस येतात, आणि गाल, छाती, पोट व शेपटीची आतली बाजू यांवर दुधी पांढरेपणा उमटतो. या पांढऱ्या भागाला जपानीत ‘उराजिरो’ म्हणतात. तो नसेल तर शिबा शिबा नव्हे, अशी तिथल्या जाणकारांची धारणा आहे.

या बदलामागचे कोडे उलगडायला शतकभर लागले, आणि त्याची सुरुवात कुत्र्यांपासून नव्हे, उंदरांपासून झाली. 1905 साली फ्रेंच जीवशास्त्रज्ञ ल्युसियाँ क्युएनो यांना दिसले की पिवळ्या उंदरांच्या जोडीला केवळ पिवळीच पिल्ले कधीच होत नाहीत. मेंडेलच्या नियमात हे बसेना. 1910 मध्ये अमेरिकेतील विल्यम कॅसल आणि क्लॅरेन्स लिटल यांनी उत्तर दिले : पिवळ्या रंगाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती मिळालेला गर्भ जन्मापूर्वीच मरतो. पुढे याच लिटल यांनी 1929 मध्ये जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली आणि 1957 मध्ये कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर ग्रंथ लिहिला. डीएनएचा एक अक्षरही न वाचता, केवळ पिल्लांची मोजदाद करून त्यांनी रंगांची जनुकस्थाने मांडली होती. क्युएनोंचे ते ‘अगूटी’ जनुक प्रत्यक्ष हाती आले 1992 मध्ये.

त्याचे काम समजण्यास सोपे आहे. केस वाढत असताना रंगपेशी दोन रंगद्रव्ये बनवू शकते : काळे युमेलॅनिन आणि तांबूस-पिवळे फिओमेलॅनिन. अगूटी प्रथिन पेशीपर्यंत पोहोचले की काळ्याचे उत्पादन थांबते व पिवळे सुरू होते. हे प्रथिन कुठे आणि केव्हा बनावे, हे दोन प्रवर्तक ठरवतात. एक मुख्यतः पोटाकडच्या त्वचेत काम करतो, दुसरा केसाच्या वाढचक्रातील ठरावीक काळात. दोन्ही जोमाने चालले तर अंग तांबूस-पिवळे होते. दुसरा निकामी झाला तर पाठ काळी राहते आणि काळ्या-तांबूस खुणांचा कुत्रा दिसतो. केसाचा रंग तो उगवताना ठरतो. म्हणूनच पिल्लाचा रंग पालटायचा तर जुना केस गळून नवा यावा लागतो.

2021 मध्ये आंतरराष्ट्रीय संशोधकांच्या एका गटाने या दोन प्रवर्तकांच्या रूपांवरून कुत्र्यांच्या अंगावरचे पाच नमुने स्पष्ट केले. त्यांतील सर्वांत फिकट, सर्वांगी पिवळ्या नमुन्याचा उगम थक्क करणारा निघाला. त्यामागचा जनुकीय तुकडा आजच्या करड्या लांडग्यांच्या वंशापासून वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, आता नामशेष झालेल्या एका श्वानकुलीन प्राण्याकडून आला होता. तोच तुकडा आर्क्टिकच्या पांढऱ्या लांडग्यांतही सापडतो. माणसाने कुत्रा पाळला त्याच्या कितीतरी आधी हा रंग तयार होता. माणसाने तो घडवला नाही; केवळ निवडला.

मात्र निवडीलाही इतिहास असतो, आणि किंमतही. परदेशी कुत्र्यांशी संकर वाढल्याने देशी जाती नष्ट होतील या भीतीने 1928 मध्ये जपानमध्ये ‘निहोन केन होझोनकाई’ ही संस्था उभी राहिली. 1936 मध्ये शिबाला नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला. लगेच महायुद्ध आले. उपासमारीने आणि डिस्टेंपरच्या साथीने ही जात जवळजवळ संपवली. उरलेल्या मोजक्या कुत्र्यांपासून ती पुन्हा वाढवण्यात आली. आजचे शिबा त्या अरुंद वाटेतून आलेले आहेत.

अशा वाटेतून रंगाबरोबर दोषही पुढे येतात. शिबांमध्ये ‘जीएम1 गँग्लिओसिडोसिस’ हा प्राणघातक मज्जाविकार आढळतो. दोन्ही पालकांकडून सदोष प्रत मिळालेले पिल्लू 5-6 महिन्यांपर्यंत निरोगी वाटते. मग त्याचा तोल जाऊ लागतो आणि साधारण वर्ष-सव्वा वर्षात ते मरते. ज्या वयात पिल्लाचा काळिमा ओसरून रंग खुलावा, त्याच वयात हा रोग डोके वर काढतो. त्याच जनुकातील बिघाडाने मानवी बाळांनाही हा विकार होतो. सदोष प्रत आज डीएनए तपासणीने ओळखता येते. वाहक असलेल्या दोन कुत्र्यांची जोडी लावली नाही, तर एकही पिल्लू असे मरत नाही.

हा प्रश्न केवळ जपानचा नाही. 1951 मध्ये रेवाच्या जंगलात ‘मोहन’ हा पांढरा वाघ पकडला गेला. त्याच्या मुलीशीच त्याचा संकर करून 1958 मध्ये पांढरे बछडे मिळवले गेले आणि त्या वंशाने जगभरची प्राणिसंग्रहालये भरली. 2013 मध्ये कळले की या पांढऱ्या रंगामागे एका प्रथिनातील अवघ्या एका अमिनो आम्लाचा बदल आहे. रंगाचा बदल निरुपद्रवी असू शकतो. तो टिकवण्यासाठी केलेले जवळच्या नात्यांतले प्रजनन मात्र तसे नसते. 2021 मध्येच बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन व सहकाऱ्यांनी ओडिशातील सिमिलिपालच्या काळपट वाघांचे जनुकीय कारण शोधले. तिथे कोणी माणसाने जोड्या लावल्या नव्हत्या. इतर वाघांपासून तुटलेल्या लहानशा समूहात तो बदल वाढत गेला होता.

वीस लाख वर्षे जुना रंग जपण्यात गैर काहीच नाही. तो जपताना आपण आणखी काय जपत आहोत, हे पाहण्याचे साधन मात्र आता आपल्या हाती आहे. पिल्लू निवडताना रंगाआधी त्याच्या आईवडिलांच्या तपासणीचा कागद मागणारे किती जण आपल्याला ठाऊक आहेत?