नव्या संसाराची भांडी : खानदेशातील एक दुर्लक्षित साधन

१९०६ साली खानदेशाचे विभाजन होऊन जळगाव व धुळे ही दोन जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे झाली. या प्रदेशाच्या इतिहासात कापूस व लोहमार्ग यांची चर्चा विपुल आहे; नव्या घरात चूल मांडताना काय विकत घेतले जाई, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. वस्तुतः अशा प्रत्येक खरेदीत कोणाचे श्रम वाचवावयाचे, याचा निर्णय अंतर्भूत असतो.

अगत्याची वस्तू म्हणजे जाते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या काव्यातील ‘घरोट’ ते हेच. हा शब्द ‘घर’ यावरून आला असावा असे सहज वाटते. परंतु त्याचे मूळ संस्कृत ‘घरट्ट’ म्हणजे जाते, यात आहे. ते एकदा घेऊन भागत नसे. टाकाऱ्याकडून त्याला वेळोवेळी टाकी लावून घ्यावी लागे, तशीच पितळी भांड्यांना कल्हई. ही भांडी पुष्कळदा आंदणात येत. त्यांवर कोरलेले नाव हा मालकीचा लेखच होय. अडीअडचणीला सावकाराकडे प्रथम जात तीही हीच. अशा लेखांचे संकलन दप्तरांइतकेच निकडीचे आहे, कारण जुने पितळ मोडीत जाते.

पुढे पिठाच्या गिरणीने जाते हटविले. १९५९ च्या सुमारास भारतात प्रेशर कुकरचे उत्पादन सुरू झाले; १९७७ मध्ये ‘नूतन’ हा वातींचा स्टोव्ह आला. खापर मात्र टिकले. हातावर ताणलेला पुरणाचा मांडा साध्या तव्यावर मावत नाही. त्याला उपडे खापरच लागते.