वस्त्रगाळ समुद्र

रवा, मैदा आणि हिंदी महासागर एकाच घराण्याच्या कापडातून चाळले गेले आहेत. मला याचा पत्ता लागला तो एका जुन्या कोष्टकामुळे. पिठाच्या गिरण्यांसाठी स्वित्झर्लंडमध्ये विणल्या जाणाऱ्या रेशमी कापडाच्या नंबरांचं ते कोष्टक. नंबर 3 समोर भोकाचं माप होतं 0.33 मिलिमीटर. हा आकडा माझ्या ओळखीचा होता. 1962 ते 1965 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत समुद्रात तरंगणारे बारीक जीव धरायला देशोदेशींच्या जहाजांना जे सामाईक जाळं ठरवून दिलं, त्याची वीणही 0.33 चीच!

काचीगुड्यापासून समुद्र तीनेकशे किलोमीटर लांब. तरी समुद्राची खबरबात ठेवणारं ‘इन्कॉईस’ 1999 पासून आमच्याच हैदराबादेत आहे, आणि त्याच्यामुळे मला या मोहिमेचा नाद लागला.

मोहिमेत चाळीसहून अधिक जहाजं होती. आपल्या नौदलाची ‘किस्तना’ही होती, नाव कृष्णेचं, आमची मुसी जिला मिळते तिचं. प्रत्येकाने आपापलं जाळं टाकलं असतं, तर एकाचा हिशेब दुसऱ्याशी जुळला नसता. म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ रोनाल्ड करी यांनी एक जाळं आखून दिलं: तोंड एक चौरस मीटर, लांबी पाच मीटर, शेपटाला छोटी बादली. 200 मीटर खोल सोडायचं आणि सेकंदाला एक मीटर या चालीने सरळ वर ओढायचं. हिशेबाने दोन लाख लिटर पाणी त्यातून गाळून निघतं. जाळं वर आलं की बाहेरून समुद्राच्याच पाण्याचा फवारा मारायचा, कापडाला चिकटलेले जीव बादलीत उतरवायचे, फॉर्मॅलिन घालून बरणी कोचीला धाडायची. तिथल्या इंडियन ओशन बायॉलॉजिकल सेंटरमध्ये या जाळ्याच्या बरण्या एकाच छपराखाली निवडल्या जात. 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था निघाली आणि हे केंद्र तिच्यात गेलं.

आता कापडाकडे. डार्विनने 1832 मध्ये ‘बीगल’मागून ओढलेली पिशवी निशाणाच्या कापडाची होती. हाताशी असेल ते कापड वापरायचं, अशीच तेव्हा रीत. कील विद्यापीठाच्या व्हिक्टर हेन्सेनचं त्याने भागेना. ‘प्लँक्टन’ हा शब्द 1887 मध्ये त्यानेच दिला, पण त्याला हे जीव मोजायचे होते: इतक्या पाण्यात इतके. त्यासाठी प्रत्येक भोक सारखं हवं, आणि असं कापड फक्त गिरणीवाल्यांकडे होतं. त्यात उभे धागे जोडीने पीळ घेऊन आडव्या धाग्याला धरतात, त्यामुळे भोक सरकत नाही. हेन्सेनने नंबर 20 घेतला, भोक सुमारे 0.076 मिलिमीटर. नंबर सांगितला की कुठल्याही बंदरातल्या माणसाला तेच कापड मागवता येई. जहाजांच्या सामाईक उपकरणांची कुळी मी इथे लावतो, चाळणीच्या या व्यापारी नंबरात.

जाणकार तो मान कोपनहेगनला देतात. मार्टिन क्नुडसेन यांच्या प्रयत्नांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून ठरावीक खारटपणाचं पाणी काचेच्या नळ्यांत सील होऊन प्रयोगशाळांना जाऊ लागलं. ते मोठं काम होतं, वादच नाही. पण हेन्सेनचं रेशीम त्याआधीच पाण्यात उतरलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. जीवशास्त्रज्ञ म्हणतील, 0.33 निवडण्याला कारण होतं: याहून बारीक कापड 200 मीटरच्या ओढीत तुंबतं, जाड कापडातून बरेच कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या नात्यातले बारीक जीव, निसटतात. कबूल. पण हे कारण 0.30 लाही लागू पडतं आणि 0.35 लाही. मग नेमका 0.33 च कसा? भिजलं की रेशीम फुगतं आणि भोकं आवळतात, म्हणून पुढे त्याची जागा नायलॉनने घेतली. मापं मात्र गिरण्यांची जुनीच राहिली, आणि शास्त्रज्ञाने त्यांतलंच एक उचललं. माझं मत असं ठाम आहे.

या निवडीची किंमतही मोठी. नंबर 20 मधूनसुद्धा असंख्य सूक्ष्म जीव निसटतात हे हान्स लोमान यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवलं होतं, 0.33 मधून तर ऑइथोना, ऑन्किया यांच्यासारखे चिमुकले कोपेपॉडही मोठ्या संख्येने पार होतात. त्या मोहिमेचे प्लँक्टनचे नकाशे म्हणजे चाळणीत वर राहिलेल्या जिवांचे नकाशे. पीठ खाली पडून गेलं, आपण कोंडा मोजला.

पुढे पाण्याचा खारटपणा, तापमान आणि खोली मोजणारं सीटीडी आलं, अर्गोचे स्वयंचलित तरंगे आले, मोजमाप तारेवर आणि उपग्रहावर गेलं. 4 डिसेंबर 2015 ला गोव्यातून दुसरी हिंदी महासागर मोहीम सुरू झाली, ‘सागर निधी’ मॉरिशसकडे निघालं आणि मोहिमेचं एक कार्यालय ‘इन्कॉईस’मध्येच बसलं. प्लँक्टनच्या बाबतीत मात्र साठ वर्षांपूर्वीच्या बरण्यांशी ताळा घालायचा, तर आजच्या जहाजालाही 0.33 चं कापड लावावं लागतं. शेजारी बारीक विणीचं दुसरं जाळं जरूर ओढावं, निसटलेल्यांची मोजदाद त्यावाचून होणार नाही.