पटकीची वाट

मुंबई-आग्रा रस्ता नाशिक आणि ओझर मागे टाकून पिंपळगाव बसवंतला येतो, पुढे चांदवड, मालेगावकडे जातो. आज त्यावर टोमॅटोचे क्रेट आणि कांद्याचे ट्रॅक्टर दिसतात. पूर्वी या वाटेनं बैलगाड्या जायच्या, पलटणी जायच्या, सिंहस्थाला उत्तरेकडून नाशिक-त्र्यंबकेश्वरी निघालेले यात्रेकरू जायचे. अशा वाटांनी माणसांबरोबर त्यांच्या पोटातला आजारही गावोगाव पोचायचा. पटकी, जरीमरी, महामारी अशी त्याची नावं. गावाच्या लेखी मात्र तो मरीआईचा कोप होता.

१८१७ च्या पावसाळ्यात बंगालमधल्या जेसोरला पटकी उसळली आणि नोव्हेंबरात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. पेंढाऱ्यांवर निघालेल्या त्या फौजेतली हजारो माणसं लढाईविनाच दगावली. पुढच्या वर्षी साथ दख्खन तुडवत ऑगस्टमध्ये मुंबईला पोचली. पेशवाई बुडाली ते हेच वर्ष.

पण आजार त्याहून जुना. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात या दुखण्याचं वर्णन आहे, आणि आपल्या 'मोडशी'शी जुळणारं त्याचं स्थानिक नावही. तिथले लोक रोग्याला जिरं-मिरी घातलेली तांदळाची पेज पाजत, असं तो नोंदवतो. रोग्याचे पाय तापल्या लोखंडानं डागण्याचा उपायही तिथेच आहे. या दोन उपायांपैकी पेज पुढं शास्त्रानं खरी ठरवली. डागणं मात्र अजून सुटलेलं नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या विळ्याचे चटके, म्हणजे 'डंबा', दिल्याच्या बातम्या अजूनही येतात आणि वाचवत नाहीत.

पटकीत शरीराचं होतं काय? रॉबर्ट कॉखनं १८८४ मध्ये कलकत्त्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू दाखवला. तो दूषित पाण्यातून पोटात जातो, लहान आतड्याला चिकटतो आणि विष सोडतो. त्या विषानं आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी आतड्यात ओतत राहतात. जुलाब तांदळाच्या धुवणासारखे होतात, आणि आजार जोरात असेल तर तासाला लिटरभर पाणी बाहेर पडू शकतं. डोळे खोल जातात, बोटांची कातडी सुरकुतते, पोटऱ्यांत गोळे येतात, लघवी थांबते. सकाळी धडधाकट असलेला माणूस रात्रीपर्यंत जायचा तो शरीरातलं पाणी संपून.

आणि तहानेनं व्याकूळ झालेल्या त्याच माणसाला पाणी नाकारलं जायचं! एकोणिसाव्या शतकातले अनेक डॉक्टर पाणी तोडत, रक्त काढत, अफू आणि पाऱ्याची औषधं देत. या आजाराच्या इतिहासातली सर्वांत क्रूर गोष्ट हीच म्हणावी लागेल.

गावाचा उपाय वेगळा होता. पावसाळा लागला, साथ सुरू झाली की मरीआईचा गाडा निघे. लहानसा लाकडी गाडा, त्यात हिरवा खण, बांगड्या, लिंबं, नारळ, दहीभात. पुढे हलगी, सोबत अंगावर आसूड ओढणारा पोतराज. गाडा वेशीबाहेर, शिवेपलीकडे नेऊन सोडायचा. शेजारच्या गावानं तो पुढे ढकलायचा. याला नुसतं अडाणीपण म्हणणं अन्याय होईल. आजार वाटेनं चालत येतो हे त्या लोकांनी नेमकं हेरलं होतं. तो विहिरीतूनही येतो, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं.

१९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या लोंढ्यात पश्चिम बंगालमधल्या बनगावला पटकी पसरली. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ते पिंपांतून रोग्यांना पाजायला लावलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चारच्या खाली आलं. कारण आतडं विषानं ग्रासलेलं असलं तरी साखरेबरोबर मीठ शोषायची त्याची ताकद शाबूत असते, आणि मिठामागून पाणी रक्तात जातं. पेजेतल्या पिठाचीही पोटात साखरच होते. मीठ पडलं की ती त्याच वाटेनं काम करते. घरच्या घरी करायचं तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरतं. चमचा चहाचा.

आता साथीचं नाव बहुधा 'गॅस्ट्रो' असतं आणि पहारा ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, मग पाण्यातलं क्लोरीन पाहणारी ओटी टेस्ट. पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पण पिंपळगावकडच्या द्राक्षबागांच्या कामाला पेठ-सुरगाण्याहून येणारी कुटुंबं बागेच्या कडेला राहतात आणि मिळेल ते पाणी पितात. गावच्या टाकीतलं टीसीएल तिथवर पोचत नाही. हंड्यात टाकायचं क्लोरीनचं औषध आणि ओआरएसची पुडी त्यांच्या झोपडीत बागमालकानं पहिल्याच दिवशी ठेवायला हवी.