योनीतील बुरशीसंसर्ग: मौन, औषध आणि माहुल

महाराष्ट्रातील स्त्रिया ‘अंगावरून पांढरे जाते’ एवढ्याच शब्दांत जी तक्रार सांगत आल्या, तिच्या अनेक कारणांपैकी एक म्हणजे कॅंडिडा या बुरशीची योनीमार्गात झालेली अतिवाढ. तीत खाज, जळजळ आणि फाटलेल्या दुधासारखा घट्ट, बहुधा वास नसलेला स्राव असतो. चरकसंहितेने वीस योनिव्यापदे, म्हणजे योनीचे विकार, वर्णिले होते आणि मुंबईत 1886 मध्ये स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उभे राहिले; तरी या बुरशीवरील नेमके औषध, निस्टॅटिन, एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राऊन या अमेरिकी संशोधिकांनी 1950 मध्येच जगापुढे आणले.

औषध आले, पण मौन सुटले नाही. राणी व अभय बंग या डॉक्टर दांपत्याने गडचिरोलीतील दोन गावांत केलेल्या, 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पाहणीत 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, मात्र पाहणीतील जेमतेम 8 टक्के स्त्रियांचीच पूर्वी कधी स्त्रीरोग-तपासणी झाली होती; महाराष्ट्राच्या आरोग्येतिहासातील हा अत्यंत क्लेशदायक आकडा आहे.

हे मौन शहरातही जाणवते. मुंबईतील तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या माहुलच्या पुनर्वसन वसाहतीतील आरोग्याची सार्वजनिक चर्चा प्रामुख्याने प्रदूषित हवेभोवती फिरली, आणि ती योग्यच होती. परंतु तेथील स्त्रियांच्या बुरशीसंसर्गाच्या तक्रारीलाही तितकेच स्थान हवे. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी किंवा मलम पूर्ण मुदतीपर्यंत वापरल्यास हा संसर्ग सहसा बरा होतो, तर प्रतिजैविकांनी तो वाढू शकतो. त्रास पहिल्यांदाच झाला, गर्भारपण वा मधुमेह असला, ताप, ओटीपोटात दुखणे किंवा दुर्गंधी असली, उपचारानंतरही तो टिकला वा वारंवार उलटला, तर स्त्रियांनी संकोच न करता डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.