‘व्हॅनगार्ड’ बस

२७. व्हॅनगार्ड : हे बस बांधणाऱ्या कारखान्याचे नाव नव्हे. लंडन मोटर ऑम्निबस कंपनी या नावाने गाड्या चालवी. १९०८ साली ती लंडन जनरल ऑम्निबस कंपनीत विलीन झाली. त्या काळातल्या छायाचित्रांत बसच्या अंगावर ठळक दिसते ते बहुधा बस चालवणाऱ्या कंपनीचे नाव. सांगाडा एकाचा, त्यावरची लाकडी बांधणी दुसऱ्याची, असाही प्रकार सर्रास असे. म्हणून ओळख पटवायची तर रंगवलेली अक्षरे सोडून रेडिएटर, बॉनेट आणि मागची चाके पाहावीत. व्हॅनगार्डच्या पुष्कळ गाड्या मिल्न्स-डाइमलर होत्या. त्यांच्या मागच्या चाकांना आतून दाते असलेली कडी असे आणि लहान दंतचक्र ती फिरवी. साखळी दिसली तर गाडी दुसऱ्या कुणाची समजावी. नावातले मिल्न्स हे ट्रामचे डबे बांधणारे इंग्रज. सांगाडे मात्र जर्मन डाइमलरचे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १७ ऑगस्ट १९०३ रोजी कॉर्नवॉलमध्ये हेल्स्टन ते लिझर्ड ही बससेवा सुरू केली, तीही याच गाड्यांवर. स्ट्रेकर-स्क्वायरचेही तसेच : नाव इंग्रजी, मूळ आराखडा ब्राउनश्वाइगच्या ब्यूसिंगचा. नंबरपाटीवर विसंबू नये. १९०४ पासून सक्तीच्या झालेल्या पाटीवरचे ‘ए’ हे अक्षर गाडीची नोंद लंडनची एवढेच सांगते. कारखान्याबद्दल काहीच नाही.