दोन गावांनी जाळलेले कागद

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात सौ. आणि मी स्कॉटलंडच्या वायव्येला असलेल्या स्काय बेटावर चार दिवस गाडीने हिंडलो. मुलगा ग्लासगोला असतो. त्याने भाड्याची गाडी ठरवून दिली आणि स्वतः ऑफिसला निघून गेला. आपलं लायसन्स तिथे पाहुण्यांना वर्षभर चालतं, गाडीही आपल्यासारखी डाव्या बाजूनेच चालवायची. त्यामुळे शिक्रापूरच्या चौकात रोज गाडी काढणाऱ्या माणसाला घाबरण्यासारखं काही नव्हतं. :-)

ग्लासगोपासून बेटावरचं पोर्ट्री गाव साधारण साडेतीनशे किलोमीटर. बेटावर जायला १९९५ साली पूल झाला. त्यावर टोल लागला, लोकांनी तो भरायचं नाकारलं, खटले झाले, आणि शेवटी २००४ च्या डिसेंबरात टोल रद्द झाला. (आपल्याकडच्या टोलवाल्यांना हे कोणी सांगू नका.)

पूल ओलांडला की मोठा रस्ता पोर्ट्रीकडे जातो, पण त्याला फुटणारे बरेचसे रस्ते एका गाडीपुरतेच. थोड्या थोड्या अंतरावर रस्त्याला फुगवटा असतो. समोरून गाडी आली की ज्याला फुगवटा जवळ त्याने थांबायचं, दुसऱ्याने जाताना हात वर करायचा. चार दिवसांत एकदाही हॉर्न ऐकला नाही.

बाकी काळे डोंगर, तपकिरी गवत, वारा, मेंढ्या. आणि मधूनच छप्पर नसलेल्या दगडी घरांच्या भिंती. एकदोन दिसल्या तेव्हा काही वाटलं नाही. दहावीस झाल्यावर सौ. म्हणाली, "अहो, इथली माणसं गेली कुठे?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी आमच्या शिरूर तालुक्यात येऊन पोचलो. ते कसं, तेच सांगायचंय.

स्कायची जमीन काही बड्या जमीनदारांची. शेतकरी म्हणजे त्यांची कुळं. चार वाफे बटाट्याचे, दोन गाई, आणि गावाने मिळून वापरायचं डोंगरावरचं चराऊ रान. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात तिथल्या समुद्री शेवाळाच्या राखेला सोन्याचा भाव आला, कारण काच आणि साबण करायला लागणारा सोडा त्यातून निघायचा. जमीनदारांनी किनाऱ्यावर माणसं दाटीने वसवली. १८१५ साली युद्ध संपलं, बाहेरचा स्वस्त माल येऊ लागला आणि भाव कोसळला. १८४६ मध्ये बटाट्यावर रोग पडला. आता माणसांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या ठरल्या. मग गावंच्या गावं उठवली गेली. बोरेरेग आणि सुइशनिश ही दोन गावं १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला अशीच रिकामी केली. माणसं कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला गेली आणि भिंती राहिल्या.

पोर्ट्रीच्या दक्षिणेला ब्रेज नावाची वस्ती आहे. तिथल्या कुळांचं बेन ली नावाच्या डोंगरावरचं रान जमीनदाराने १८६५ मध्ये काढून घेतलं होतं. १८८१ च्या अखेरीस त्यांनी सांगितलं, रान परत द्या, तोवर खंड देणार नाही. एप्रिल १८८२ मध्ये कोर्टाचा माणूस घर खाली करण्याच्या नोटिसा घेऊन आला. लोकांनी त्याला वाटेतच अडवलं आणि त्याच्याच हातांनी त्या नोटिसा जाळायला लावल्या. त्यानंतर ग्लासगोहून सुमारे पन्नास पोलीस आणले गेले. पाच जणांना धरून नेताना बाया-माणसांनी त्यांच्यावर दगडांचा मारा केला. रस्त्याकडेला त्याचं स्मारक म्हणून दगडांची रास रचून ठेवलीय. आम्ही तिथे गाडी लावून उतरलो.

कागद जाळले हे वाचलं आणि मला सुपे आठवलं.

सुपे म्हणजे बारामती तालुक्यातलं, तेव्हाच्या भीमथडीतलं. आमच्याकडून न्हावरा, चौफुला करत मोरगावच्या गणपतीला निघालं की लागतं ते. पण गोष्टीची सुरुवात त्याच्याही आधी, आमच्याच तालुक्यातल्या करडे गावात होते. डिसेंबर १८७४ मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर हुकूमनामा मिळवला आणि त्याचं घर पाडलं. गाव चिडलं. सावकारांच्या दुकानात कोणी जाईना, त्यांची शेतं कोणी करीना. न्हावी, परीट, चांभार सगळ्यांनी त्यांचं काम बंद केलं. हे लोण गावोगाव गेलं आणि १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात फुटलं. लोकांनी सावकारांकडे खतं आणि वह्या मागितल्या आणि जाळल्या. काही दुकानं लुटली गेली, काही घरांना आगही लागली, पण माणसांना इजा फार थोडी झाली. जिथे सावकाराने खतं मुकाट्याने काढून दिली, तिथे बहुतेक ठिकाणी त्याला कोणी हात लावला नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांतली तीसहून जास्त गावं यात उतरली. इतिहासात याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात.

इथेही आधी एक तेजी होती. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध सुरू झालं. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांश कापूस तिथून यायचा, तो अडला. आपल्या कापसाला भाव आला, सावकार बोलावून कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध थांबलं आणि भाव बसला. त्यातच तीस वर्षांची मुदत संपून नवी आकारणी आली आणि सारा वाढला. सावकाराने हात आखडला. तिथे शेवाळ, इथे कापूस. दूर कुठेतरी युद्ध सुरू होतं आणि संपतं, आणि त्याचा हिशेब शेवटी बांधावर होतो.

आता कागदाचं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जखत तीनच वर्षं चालेल असं ठरलं. हेतू चांगला होता, व्याजावर व्याज चढू नये. सावकारांनी त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवं खत करायचं. शेतकऱ्याला वाचता येत नव्हतं, तो अंगठा उठवायचा. स्कायमधल्या कुळांची भाषा गेलिक, नोटिसा इंग्रजीत. दोन्हीकडे घर कोणाचं, रान कोणाचं हे अशा कागदावर ठरत होतं जो त्यांच्या बोलीत बोलत नव्हता. म्हणून राग कागदावर निघाला.

एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. स्कायचा माणूस कूळ होता. आपला शेतकरी रयतवारीतला खातेदार, जमीन त्याच्या नावावर, पण कर्जात बुडालेली.

पुढे दोन्हीकडे सरकारने चौकशी आयोग नेमला. दख्खनच्या आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला, आणि १८७९ मध्ये कायदा झाला. कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद झालं. खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता हे तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. हे थोडं नव्हतं. पण सारा होता तसाच राहिला, आणि सावकार गहाणखताऐवजी सरळ खरेदीखत लिहून घ्यायला लागले.

स्कायच्या आयोगाचे अध्यक्ष होते लॉर्ड नेपियर. हे गृहस्थ आधी मद्रासचे गव्हर्नर होते आणि १८७२ मध्ये काही महिने हिंदुस्थानचे हंगामी व्हाइसरॉयही! मे १८८३ मध्ये त्यांची पहिली बैठक ब्रेजलाच भरली. पहिला साक्षीदार बोलायच्या आधी म्हणाला, खरं बोललो तर जमिनीवरून काढणार नाही अशी हमी द्या. (त्याच १८८३ मध्ये इकडे जोतीराव फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण झाला.) १८८६ च्या कायद्याने कुळांना कायमचं संरक्षण मिळालं, वारसाला जमीन देता आली आणि खंड ठरवायला सरकारी मंडळ बसलं.

दोन्ही देशांवर सरकार एकच, काळ एकच. मग एकीकडे मलमपट्टी आणि दुसरीकडे जमिनीचा हक्क असं का झालं? याची कारणं बरीच असतील. मला सगळ्यात मोठं वाटतं ते १८८४ चं. त्या वर्षी ब्रिटनमध्ये मताधिकार वाढला आणि खेड्यातल्या कुळांना मत मिळालं. १८८५ च्या निवडणुकीत त्यांनी आपल्या बाजूची माणसं पार्लमेंटात पाठवली आणि पुढच्याच वर्षी कायदा आला. करड्याच्या आणि सुप्याच्या शेतकऱ्याला मत नव्हतं. त्याची साक्ष आयोगाने लिहून घेतली आणि तिचं काय करायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. आपल्याकडे कुळं जमिनीची मालक झाली ती १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे सगळ्यांना मत मिळून पहिली निवडणूक झाल्यानंतर.

आमच्या भागात हल्ली जमिनींना सोन्याचा भाव आहे. रांजणगावची एमायडीसी झाली, चाकणचा रस्ता गजबजला, घरटी एक तरी माणूस प्लॉटचं बोलतो. पुन्हा एक तेजी. सातबारा मोबाईलवर दिसतो, मराठीत असतो. तरी खरेदीखताची पानं न वाचता सही करणारे आपल्याच नात्यात मी पाहिलेत. भाचेमंडळींनो, हे तुमच्यासाठी. आपल्या पणजोबांच्या पिढीने जे कागद जाळले ते वाचता येत नव्हते म्हणून. आपल्याला वाचता येतात. तेवढं तरी करूया.